फेविकॉलची बाटली कोणाच्या हातात?

जून उजाडला की ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच तक्रार वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येते. बाहेर सगळ्यांचं करतो, घरात मात्र इकडची काडी तिकडे करत नाही. कुणाचा मुलगा ढोल-ताशा पथकात असतो, कुणाची मुलगी एनसीसीत, कुणी गणपती मंडळात वर्गणीच्या हिशोबाला बसतो. तक्रार तीच, आणि तिच्या शेपटाला दहावी नाहीतर बारावी बांधलेली.

मागे एकदा हीच तक्रार घेऊन कळव्याहून एक ताई आल्या. त्यांच्या मुलाला इथे अनुग्रह म्हणते. नाव बदललंय, काही तपशीलही. सोळा पूर्ण, अकरावी सायन्स नुकतंच संपलेलं. दहावीला 91 टक्के, अकरावीला 58.

"मॅडम, आम्ही काही देवाधर्माच्या विरोधात नाही हो. आम्ही मूळचे नगरचे, सासरे तिथल्या चर्चच्या कमिटीवर होते. पण याचं रविवारी संडे स्कूल, शनिवारी तरुण संघ, मे महिन्यात व्हीबीएस. तिथे वीस-वीस पोरं सांभाळतो म्हणे! आणि घरी? प्यायलेला ग्लास उचलून ठेवत नाही."

व्हीबीएस म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, हे मला त्या दिवशी कळलं. सकाळी गाणी, गोष्टी, पाठांतराची वचनं, हस्तकला. शिकवणारे मोठे असतात, पण गटाला गट सांभाळतात ती चौदा ते अठरा वयाची मुलं, तीही बिनपगारी.

माझा पहिला अंदाज सांगून टाकते. अभ्यास झेपत नाहीये, म्हणून जिथे कौतुक होतं तिथे हा पळतोय. असा अंदाज शेजारच्या काकूंनीही बांधला असता, आणि त्यांचाही चुकला असता.

पहिल्या दोन भेटींत अनुग्रहने मला तीन शब्द दिले: "बरं", "ठीक" आणि "माहीत नाही". चर्चमध्ये काय करतोस विचारलं, तर "काही नाही, मदत." तिसऱ्या भेटीत मी प्रश्न फिरवला. तिथलं सगळ्यात अवघड काम कोणतं?

तो सरळ होऊन बसला. "रडणारी मुलं."

"त्यांचं काय करतोस?"

"एक सहा वर्षांचा होता. दोन दिवस आईची ओढणी सोडली नाही त्याने. सगळे म्हणत होते, रडू नको, रडू नको. रडू नको म्हटलं की ती जास्त रडतात. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या हातात फेविकॉलची बाटली दिली."

"खेळायला?"

"नाही हो." माझ्या अज्ञानाची त्याला कीव आली असावी. "क्राफ्टच्या तासाला फेविकॉल सगळ्यांना लागतो आणि बाटली एकच. त्याला सांगितलं, ज्याला पाहिजे त्याला तू द्यायचा. मग सगळे त्याच्याकडेच यायला लागले. त्याला सोडून आमचं काम पुढे जाऊच शकत नव्हतं. आई कधी गेली ते त्याला कळलंसुद्धा नाही."

मी पेन खाली ठेवलं. आल्फ्रेड ॲडलर हा व्हिएन्नाचा मनोविकारतज्ज्ञ माझा जुना गुरू. भेट अर्थात पुस्तकांतूनच, तो 1937 मध्येच गेला. त्याचं म्हणणं साधारण असं की मूल वाईट नसतं, ते खचलेलं असतं. माणसांत आपली जागा आहे आणि आपला कुणाला उपयोग आहे, एवढं कळलं की ते उभं राहतं. हे मी पालकांच्या कार्यशाळांत तासभर फळ्यावर लिहून सांगते. या मुलाने ते एका बाटलीत बसवलं होतं, आणि आपण काही विशेष सांगितलंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

मग मी विचारलं, "आणि घरी तुझ्या हातात काय असतं?"

"मोबाईल," तो हसला. मी हसले नाही, तेव्हा थोडा वेळ गप्प बसला. "घरी सगळं माझ्यासाठीच असतं, मॅडम. माझ्याकडून कुणाला काही लागत नाही. मार्क सोडले तर."

माझ्या कामात एखादं वाक्य येतं आणि खोलीतली हवा बदलते. ते वाक्य येईपर्यंत तोंड बंद ठेवणं, हे मला या धंद्यात जमलेलं एक कसब आहे असं मी मानते.

ऑगस्टमधल्या एका रविवारी, त्याची परवानगी काढून, मी त्याच्या आईबरोबर संडे स्कूल बघायला गेले. आईची मैत्रीण म्हणून. चर्चच्या मागचा छोटा हॉल, कुरकुरणारा पंखा, सतरंजीवर चौदा-पंधरा मुलं. एकीच्या हातून रंगाचं पाणी सांडलं, थेट दुसऱ्याच्या चित्रावर. अनुग्रहने स्वतः पुसलं नाही. फडकं तिच्या हातात दिलं, स्वतः चित्र उचलून धरलं आणि ओल्या डागाकडे बघत त्या मुलाला म्हणाला, "इथे आता तळं काढता येईल." तो मुलगा तळं काढायला बसलासुद्धा.

दाराशी उभी असलेली त्याची आई पुटपुटली, "ओरडला नाही. घरी पंखा बंद केला तरी ओरडतो."

नंतर चहा घेताना चर्चमधल्या एका आजोबांनी मला एक गोष्ट सांगितली. 1881 साली अमेरिकेत, मेन राज्यातल्या पोर्टलंड गावी, फ्रान्सिस क्लार्क नावाच्या पाळकांनी आपल्या चर्चच्या मुलामुलींचा संघ काढला. मुलांना गुंतवून ठेवायला सहली आणि करमणूक द्यावी, हा सोपा मार्ग. क्लार्कनी कामं दिली. समित्या नेमल्या, प्रार्थनासभा कुणी बघायची, नव्यांकडे कुणी लक्ष द्यायचं, सगळं मुलांवर. आणि दर सभेत प्रत्येकाने, नुसतं गाण्यात सूर मिसळून नाही, तर काहीतरी बोलून भाग घ्यायचा, अशी प्रतिज्ञा. ही कल्पना पुढे देशोदेशी पसरली. ॲडलर तेव्हा अकरा वर्षांचा होता, हे मी घरी येऊन मोजलं.

पुढच्या भेटीत ताईंना मी विचारलं, "ग्लास उचलत नाही हे खरं. पण घरातलं कुठलं काम त्याच्यावाचून अडतं?"

"बिचाऱ्याला अभ्यास असतो, म्हणून आम्हीच काही सांगत नाही."

"आणि मग काही करत नाही म्हणून रागावता."

त्यांना राग आला. येणारच. बहुतेक पालकांना इथे राग येतो आणि तो आला की मला बरं वाटतं, कारण काहीतरी लागलेलं असतं.

मी त्यांना जे सांगितलं ते इथे सगळ्यांसाठीच सांगते. मुलाला "मदत" मागू नका. मदत म्हणजे काम तुमचं आणि हात त्याचा. त्यात त्याला रस नसतो, आणि का असावा? एक काम अख्खं द्या, जे चुकलं तर घराला कळेल. आणि दिल्यावर मागे उभं राहून सूचना देऊ नका. चुकलं तर झाकायला धावू नका. शेवटचं सगळ्यात कठीण.

त्यांच्या जुन्या इमारतीत पाणी सकाळी ठरावीक वेळ येतं. ते भरायचं काम अनुग्रहकडे गेलं. दहाव्या दिवशी तो झोपून राहिला. ताई उठल्या होत्या, नळाचा आवाज त्यांना ऐकू येत होता, तरी त्या पलंगावर बसून राहिल्या. "मॅडम, हात नुसते शिवशिवत होते." त्या दिवशी चौघांनी दोन बादल्यांत भागवलं. वडील रबाळ्याला पहिल्या पाळीला जातात. ते काही न बोलता अर्ध्या तांब्यात दाढी उरकून निघाले. ओरडले असते तर पोराला सोपं गेलं असतं. त्यानंतर गजर त्याने स्वतः लावला.

अभ्यासाचा प्रश्न उरतोच, तो मी हवेत सोडत नाही. अशा कामात रमलेल्या प्रत्येक मुलाला मी विचारते: "या रविवारी जमणार नाही" असं तिथे म्हणता येतं का? आणि म्हटल्यावर तिथला मोठा माणूस काय म्हणतो? उत्तरात देवाची किंवा मंडळाची भीती घातली जात असेल, मुलं सांभाळायला एकही मोठं माणूस हजर नसेल, झोप उडाली असेल किंवा घरापासून लपवालपवी सुरू झाली असेल, तर पालकांनी सरळ जाऊन भेटावं. संकोच करू नये. मग ते चर्च असो, पथक असो की मंडळ.

अनुग्रहच्या बाबतीत अडवत कुणीच नव्हतं, अडवत होता तो स्वतः. "मी नसलो तर कोण करणार?" हा त्याचा प्रश्न. मी विचारलं, "त्या सहा वर्षांच्या पोराला तू बाटली दिलीस. तुझी बाटली तू कुणाला देणार?" हा प्रश्न मला सुचला याचा मला अजून आनंद होतो. त्याने पंधरा दिवस घेतले. मग चौदा वर्षांच्या एका मुलीला गटाची यादी, गोष्टींची वही आणि कोणतं मूल कशाला घाबरतं याची तोंडी माहिती दिली. तो महिन्यातून एकच रविवार जायला लागला. मार्क चढले, पण डोळे दिपतील असे नाही. बारावीला 70 च्या आसपास राहिला. ताईंनी ते पेढे न देता, फोनवर सांगितलं.

माझ्या टेबलाच्या खणात तेव्हापासून फेविकॉलची एक बाटली असते. लहान मूल दारात अडून बसलं की मी आधी तिचं टोपण उघडून मागते. ते नेहमी घट्ट बसलेलं असतं, मला खरंच उघडत नाही.

फोन ठेवता ठेवता ताई म्हणाल्या, "पाणी अजून तोच भरतो बरं का, मॅडम. एक दिवस खाडा नाही." आणि जरा थांबून, "ग्लास मात्र अजून तिथेच असतो."