'पंथ' पडत नसतात

प्रश्न असा आला आहे: "आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) पाळकांच्या (पाद्रींच्या) बदलीवरून वर्षभर दोन बाजू झाल्या आहेत. वार्षिक अहवालाच्या मसुद्यात 'मंडळीत पंथभेद निर्माण झाला आहे' असं वाक्य आहे. इंग्रजीतल्या 'स्किझम'साठी हा शब्द बरोबर आहे का?"

नाही, साफ चूक आहे. ही चूक हल्ली इतक्या ठिकाणी ऐकू येते की आता राहवत नाही. विश्वस्तांच्या निवडणुकीवरून वाद झाला की 'दोन पंथ पडले', गायनवृंदाचं बिनसलं की 'पंथ पडले'. मराठीत पंथ पडत नाही, पंथ निघतो. नाथपंथ निघाला, महानुभाव पंथ निघाला. पंथ म्हणजे वाट, आणि वाट कुठेतरी जाण्यासाठी काढलेली असते. पडतात ते तट आणि पडते ती फूट. दुही माजते, वितुष्ट येतं. कोणत्या नामाला कोणतं क्रियापद लागतं यावरून भाषेनं निवाडा आधीच करून ठेवला आहे, आपण तो वाचत नाही एवढंच.

'भेद'ही इथे उपयोगाचा नाही. मूळ 'भिद्' म्हणजे फोडणं, हे खरं. सारनाथच्या अशोकस्तंभावर याच धातूचा शब्द वापरून संघ कोणी फोडू नये अशी आज्ञा आहे, आणि फोडेल त्या भिक्षूला पांढरी वस्त्रं नेसवून विहाराबाहेर राहायला लावावं असंही म्हटलं आहे. पण आजच्या मराठीत भेद म्हणजे फरक. मतभेद, जातिभेद, लिंगभेद हे शब्द पाहा. 'पंथभेद' म्हणजे आधीच असलेल्या दोन पंथांमधला फरक. तुमच्या मंडळीत दोन पंथ नाहीतच, मग भेद कशाचा?

आता 'स्किझम', म्हणजे चर्चमधली दुफळी. या शब्दासाठी मला जास्त जागा लागणार आहे.

ग्रीकमध्ये 'स्खिझो' म्हणजे चिरणं, फाडणं. तोच धातू लॅटिनमध्ये 'स्किंदो' आणि संस्कृतात 'छिद्'. म्हणजे आपले छेद, छिद्र आणि विच्छेद हे 'स्किझम'चे सख्खे चुलतभाऊ. पण खरा आनंद पुढे आहे. 'स्खिझ्मा' या नामाचा शुभवर्तमानातला साधा, घरगुती अर्थ आहे कापडाला गेलेली चीर. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचं ठिगळ लावलं तर वस्त्र अधिकच फाटतं, असं येशू सांगतो (मत्तय ९:१६), तिथे हाच शब्द आहे. वधस्तंभाखाली शिपाई म्हणतात की हा बिनशिवणीचा अंगरखा फाडू नये, चिठ्ठ्या टाकाव्या (योहान १९:२४), तिथे याचंच क्रियापद. एकशे त्रेपन्न मोठे मासे लागूनही जाळं फाटलं नाही (योहान २१:११), तिथेही तेच. ठिगळ, अंगरखा, जाळं. सगळं विणलेलं, सगळं हाताखालचं.

आणि हा शब्द मंडळीच्या भांडणासाठी ठळकपणे वापरला कोणी? प्रेषित पौलानं, ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिताना. त्याचा धंदा काय? तंबू शिवण्याचा. तोही कुठे केला? करिंथमध्येच, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून (प्रेषितांची कृत्ये १८:३). माझं ठाम मत आहे की हा शब्द त्याच्या बोटांतून आला. ज्यानं त्याच गावात महिनोन्‌महिने सुई चालवली, त्याला 'मी पौलाचा', 'मी अपुल्लोसाचा', 'मी केफाचा', 'मी ख्रिस्ताचा' हा गटागटांचा गलका कानावर आल्यावर चीरच दिसणार. अभ्यासक सांगतात की पौलाच्या आधीही ग्रीकमध्ये हा शब्द मतांतरासाठी येत असे, यात धंद्याचं काही नाही. येत असेल. पण ज्या वाक्यात (१ करिंथ १:१०) तो हा शब्द वापरतो, त्याचा शेवट पाहा. चिरी पडू नयेत असं म्हणून तो पुढे सांगतो की तुम्ही एकचित्तानं 'जोडलेले' असा. या 'जोडलेले'साठी त्यानं वापरलेलं क्रियापद आहे 'कातार्तिझो'. मार्क १:१९ मध्ये जब्दीचे मुलगे तारवात बसून जाळी नीट करतात, तेव्हा हेच क्रियापद येतं. ग्रीक वैद्यांकडे निखळलेला सांधा बसवण्यालाही याच कुळातला शब्द होता. एकाच ओळीत चीरही आणि सांधणंही. याला मी योगायोग म्हणणार नाही.

म्हणूनच मराठी बायबलातली 'फूट' मला आजवर पुरती पटलेली नाही. फूट 'स्फुट्'पासून. फुटतं ते मडकं, काच, कपाळ. फुटलेलं मडकं कोणी शिवत नाही. फाटलेलं मात्र शिवतात, रफू करतात, ठिगळ लावतात. मराठी माणूस हे फार पूर्वीपासून जाणतो. 'त्या दोघांचं फाटलं' असं आपण म्हणतो, 'फुटलं' असं म्हणत नाही. आपल्या 'फाटाफूट' या शब्दात तर कापड आणि मडकं दोन्ही शेजारी बसली आहेत. यातला 'फाटा' रस्त्याचा, असं काही जण मला ऐकवतात. पण रस्त्याला फाटा का म्हणतात? रस्ता तिथे फाटतो म्हणून. मूळ 'फाटणं'च. भाषांतरकारांनी 'फूट' घेतली ती रूढ होती म्हणून. माझ्या हाती असतं तर मी 'चीर' लिहिलं असतं.

हा शब्दांचा कीस कशासाठी, असं वाटेल. करिंथमध्ये कोणीही मंडळी सोडून गेलेलं नव्हतं. सगळे एकाच मेजाभोवती येत होते, आणि तरीही पौल त्याला 'स्खिझ्मा' म्हणतो. चीर गेलेलं वस्त्र एकच वस्त्र असतं. पुढे चर्चच्या कायद्यात 'स्किझम'चा अर्थ 'वेगळं निघणं' असा घट्ट झाला आणि ती मधली अवस्था नावाविना राहिली. तुमची मंडळी आज त्याच मधल्या अवस्थेत आहे.

'पाखंड', म्हणजे धर्ममतच चुकीचं असणं, हा शब्द तर मुळीच नको. संत जेरोमनं म्हटलं आहे की फुटून निघालेला प्रत्येक गट आपलं निघणं रास्त दिसावं म्हणून काहीतरी पाखंडी मत रचतोच. इथे माझं जेरोमशी पटत नाही, आणि पुरावा आपल्या मुंबईत आहे. १७९४ साली मुंबईतल्या कॅथलिक देवळांची वाटणी झाली. काही गोव्याच्या आर्चबिशपांच्या, म्हणजे पोर्तुगीज पाद्रोआदोच्या (पोर्तुगालच्या राजाला मिळालेल्या नेमणुकीच्या हक्काच्या), ताब्यात गेली, तर काही प्रोपागांडाच्या, म्हणजे रोमच्या धर्मप्रसार खात्याच्या. श्रद्धासूत्र एक, मिस्सा एक, पोपही एकच. भांडण एवढंच की पाद्री आणि बिशप कोणी नेमायचे. तरी १८३८ च्या पोपच्या आज्ञापत्रानंतर गोव्याच्या बाजूला 'स्किझमॅटिक' हे बिरुद चिकटलं. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल देवळावरून प्रकरण इतकं पेटलं की रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन ताबा सोडायला नकार देऊन देवळातच कोंडून बसले. दुहेरी अधिकार संपला तो १९२८ साली. म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चीर होती, आणि तेवढ्या काळात त्यातून एकही वेगळी श्रद्धा निघाली नाही. जिथे मत वेगळं नाही तिथे पाखंड म्हणणं हा आरोप आहे, आणि आरोप शब्दकोशाच्या आडून करू नये.

सांधण्याचंही उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यांच्या उपासनेच्या रीती वेगळ्या होत्या, बाप्तिस्म्याबद्दलची मतंसुद्धा एक नव्हती. बाळाचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्हींना एकाच छताखाली जागा ठेवूनच ती शिवण घातली गेली.

आता तुमचं वाक्य. 'पाळकांच्या बदलीवरून मंडळीत दोन तट पडले आहेत' एवढं लिहा. खरं आहे, आणि कोणाला बाहेर काढत नाही. 'फूट' लिहायचीच असेल तर 'पडली' की 'पाडली' हे आधी कमिटीत बसून ठरवा. 'पाडली' लिहिलंत की पुढचा प्रश्न 'कोणी?' हाच येणार, आणि त्या नावावर दोन्ही बाजूंची सही मिळाल्याशिवाय ते छापू नका.