अट घालून दिलेला प्रवेश घ्यावा का?

प्रिय मैत्रिणी,

जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर पीएच.डी.साठी तुम्ही ज्या मार्गदर्शकांकडे गेलात, त्यांनी "मुली लग्न ठरले की काम अर्धवट टाकतात" असे सांगून पहिले वर्ष तात्पुरते ठेवले. घरी वडील काहीच बोलत नाहीत आणि आई स्थळे पाहते आहे. अशा वेळी जागा घ्यावी की नाकारावी, असे तुम्ही कोथरूडहून विचारले आहे.

जागा घ्या. मात्र ती अट योग्य होती, असे स्वतःला पटवू नका.

1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या अडून बसल्या, तेव्हा मिळालेला प्रवेशही पहिले वर्ष तात्पुरताच होता, आणि त्यांच्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होऊ नये, हेही त्यांना बजावले गेले. हा अपमान त्यांनी पुढे अनेक वर्षांनीही जाहीरपणे बोलून दाखवला, आणि त्यांचे हे न विसरणे मला फार मोलाचे वाटते. तरीही संस्थेतले त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर त्यांनी असे काम केले, की त्यानंतर रामन यांनी मुलींना प्रवेश देण्यास सुरुवात केली. 1939 मध्ये त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या, बटाट्यावर काम करताना पेशींच्या श्वसनाला लागणारे सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींतही असते, हे त्यांनी तिथे दाखवून दिले. पुढे कडधान्ये आणि नीरा यांच्या पोषणमूल्यावर त्यांनी मुंबईत दीर्घकाळ संशोधन केले. एवढे करूनही मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना उशिराच मिळाले, त्यामुळे गुणवत्ता दिसली की अन्याय आपोआप थांबतो, असे मी तुम्हाला सांगणार नाही.

म्हणून रुजू होण्याआधीच, वर्षअखेरीस नेमके काय तपासले जाईल आणि निर्णय मार्गदर्शक एकटे घेतील की संशोधन सल्लागार समिती, हे लेखी मागा. प्रयोगवहीत रोजची नोंद तारखेसह ठेवा. लग्नाविषयी विचारले, तर तो विषय मूल्यांकनात कुठे येतो, एवढेच शांतपणे विचारा.

कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते, त्यामुळे घरात त्यांची बाजू समजणारी माणसे होती. तुमच्या वडिलांचे मौन हा नकारच आहे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. मला पत्रातून तसे दिसत नाही. पुढचे स्थळ येण्याआधी त्यांच्याशी एकट्याने बोला आणि पाच वर्षे तुम्हाला कशावर काम करायचे आहे, ते आधी सांगा.

तुमची,
ताई