महापेच्या लॅबमधली अ‍ॅनिमल केअरटेकरची नोकरी घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की बारावी सायन्स झालंय, महापे एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये अ‍ॅनिमल केअरटेकरची ऑफर आहे, घ्यावी का, पुढे वाव आहे का "की नुसते पिंजरेच धुवायचेत". त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले. मी याच पट्ट्यात, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका अ‍ॅनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, बरीच वर्षं आहे आणि पिंजरे धुणारीला काय कळतंय हे मला चारचौघांत ऐकवलं गेलंय.

झालं असं की रॅटवर २८ दिवसांची स्टडी चालू होती, रोज तोंडावाटे डोस. मध्येच हाय डोस ग्रुपची, म्हणजे सगळ्यात जास्त औषध मिळणाऱ्या रॅटची, वजनं पडायला लागली. खाणं कमी, केस पिंजारलेले, डोळ्यांभोवती लालसर. ते लाल म्हणजे रक्त नसतं, पोर्फिरिन नावाचं रंगद्रव्य असतं, रॅटला कसलाही ताण आला की दिसतं. पण सगळ्यांनी ठरवून टाकलं की औषध टॉक्सिक आहे, आणि कागदावर ते दिसतही तसंच होतं.

माझ्याकडे तेव्हा बेडिंगचं, म्हणजे पिंजऱ्यात खाली पसरायच्या भुशाचं काम होतं. कॉर्न कॉबचा (मक्याच्या कणसाच्या चुऱ्याचा) ट्रे उचलला की किती भिजलाय ते हातालाच कळतं, आणि त्या रॅकवरचे ट्रे हलके लागत होते. लेंड्या बारीक आणि कडक, अमोनियाचा वास जवळपास नाहीच. २०० ग्रॅमचा रॅट दिवसाला साधारण २० मिली पाणी पितो, एवढं पिणाऱ्याचं बेडिंग कोरडं राहीलच कसं? बाटल्या बघितल्या तर भरलेल्या. भरलेली बाटली दिसली की सगळे निर्धास्त होतात, मला तीच खटकली, कारण पाणी प्यायलं असतं तर कमी झालं असतं ना. संध्याकाळी निघताना प्रत्येक बाटलीवर मार्करने रेघ मारली. सकाळी पाणी रेघेच्या जेमतेम खाली. नोझल काढून बघितलं तर आतली गोळी अर्धवट अडकलेली, थेंब मुश्किलीने येत होता. नोझलचा नवीन लॉट नेमका त्याच रॅकला लागला होता आणि कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेसाठी औषध न दिलेले रॅट, दुसऱ्या रॅकवर जुन्या नोझलवर. तहानलेला रॅट खाणंही सोडतो, मग वजन पडणारच. आणि हे कोणाच्या आकड्यांत येत नव्हतं कारण अशा स्टडीत वजन आणि खाणं आठवड्याला नोंदवतात, पाणी मोजायचं बंधन ओईसीडी ४०७ मध्ये (अशा २८ दिवसांच्या स्टडीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका) औषध पाण्यातून देत असाल तरच आहे.

स्टडी बघणाऱ्या सरांना सांगायला गेले तर म्हणाले, "ताई, पिंजरे तुम्ही बघा, डेटा आम्ही बघतो." आजूबाजूला ट्रेनी मुलं उभी होती. मी तिथून सरळ आमच्या व्हेट डॉक्टरांकडे गेले, त्यांनी दोन-तीन रॅटच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली, घडी लवकर बसेना. डिहायड्रेशन. नोझल बदलल्यावर वजनं वर आली आणि स्टडी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. रेकॉर्डमध्ये काय लिहिलं गेलं, तर नोझल मेंटेनन्स. बास.

माझं नाव आलं नाही याचं एवढं नाही. असल्या स्टडीतले प्राणी शेवटी मारतातच, ऑर्गन तपासायला, हे तुम्हाला आत शिरायच्या आधी माहीत असायला हवं. ज्या जिवाचा शेवट ठरलेला आहे त्याच्यापासून मिळणारा आकडा तरी खरा असू दे, इतकं आपण त्याचं देणं लागतो. चुकीच्या आकड्यासाठी तो मेला तर त्याला मी हत्याच म्हणते.

आणि रोज प्रत्येक पिंजऱ्यापाशी उभं राहणारा माणूस केअरटेकरच असतो, दुसरं कोणी नाही. तरी प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या १९९८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत जी एथिक्स कमिटी असते तिच्यात शास्त्रज्ञ असतात, व्हेट असतात, विज्ञानाबाहेरचा एक सामाजिक जाणीव असलेला सदस्यही असतो, केअरटेकरला मात्र खुर्ची नाही. मला हे साफ चुकीचं वाटतं आणि कोणीही समोर आलं तरी मी हेच बोलेन. उंदीर शेपटीला धरून उचलला तर घाबरतो आणि नळीतून किंवा ओंजळीत घेतला तर शांत राहतो हे लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिलं, ते रोज हातांनी करणारे आपणच ना.

तर तुमचा प्रश्न. घ्या नोकरी. नोकरी करत बीएस्सी पूर्ण करा, त्याशिवाय टेक्निशियनच्या पुढे फारसं सरकता येत नाही. खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रामध्येही अ‍ॅनिमल हाऊस आहे, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. कॉन्ट्रॅक्टरमार्फत घेत असतील तर पीएफचं लेखी घ्या. रविवार, गणपती, दिवाळी, प्राण्यांना खायला रोजच लागतं, आणि जुलैत पावसाने ट्रान्स हार्बर लोकल बंद पडली तरी कोणाला तरी पोचावंच लागतं, त्यामुळे कळवा-ऐरोलीच्या आसपास राहत असाल तर बरं.

हे आधी लिहायला हवं होतं खरं, पण दमा असेल तर वरचं सगळं सोडा आणि हे काम घेऊ नका. उंदीर-रॅटच्या लघवीतल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी होते, सुरुवात शिंकांनी होते आणि काहींना पुढे दमा लागतो. दमा नसला तरी एन-९५ मागून घ्या, साध्या सर्जिकल मास्कवर भागवू नका. घरी पांढरे उंदीर पाळले असतील तर तेही सांगून टाका, बाहेरचं इन्फेक्शन आत जातं म्हणून बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

इंटरव्ह्यूला एक प्रश्न तुम्हीच विचारा, रोजच्या ऑब्झर्वेशन शीटवर केअरटेकर स्वतः लिहून सही करतो का आणि ते स्टडीच्या फाइलला लागतं का. हो म्हणाले तर लगेच जॉइन व्हा. "ते आम्ही बघतो" असं म्हणाले तर रबाळे, तळोजा, कुठेही दुसरीकडे बघा, पगार हजार-दोन हजाराने कमी असला तरी.