४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का?

नाही, मूळ नाहीये, पण तुम्हाला तसं वाटलं यात काहीच चूक नाही कारण खुद्द फर्मा या थोर गणितज्ञालाही तसंच वाटलं होतं. ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. याच साच्यातल्या (२ चा १, २, ४, ८ आणि १६ वा घात अधिक १, घात दर वेळी दुप्पट) आधीच्या पाचही, ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७, मूळच आहेत, त्यामुळे पुढच्याही सगळ्या तशाच असणार असा त्याचा अंदाज होता. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने तो खोटा ठरवला:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

हे दोन्ही अवयव मूळ आहेत, म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः धरून एकूण फक्त ४ विभाजक.

आता ६४१ कुठून आला, तर यातली खरी मजा इथेच आहे. ह्या संख्येचा कुठलाही मूळ अवयव ६४ ने भागला की बाकी १ च उरते, मग तपासायचे फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवा लगेच ६४१!

आणि भागाकार न करताही दिसतं बघा. ६४१ = ५×१२८ + १, म्हणजे ६४१ ने भागताना ५×२^७ ची बाकी −१, चौथा घात घेतला की ५^४×२^२८ ची बाकी १. पण ६४१ = ५^४ + २^४ सुद्धा आहे, म्हणून ५^४ च्या जागी −२^४ टाका, −२^३२ ची बाकी १ येते, म्हणजेच २^३२ + १ ला पूर्ण भाग जातो. मला तरी हे कितीही वेळा बघितलं तरी भारीच वाटतं, एकदा कागदावर स्वतः करून बघाच.