तापमान मागितलं की आर्द्रता येते

प्रश्न : सर, दोन अर्डुइनो उनो (छोटे मायक्रोकंट्रोलर बोर्ड) एसपीआयने (तारांवरून एकेक बिट देण्याघेण्याची पद्धत) जोडलेत. मास्टरने (हुकूम देणाऱ्या बोर्डाने) ५ पाठवला की स्लेव्हने (उत्तर देणाऱ्याने) तापमान द्यायचं, ६ पाठवला की आर्द्रता. येतं बरोब्बर उलटं, ५ ला ६१ आणि ६ ला २७. कोडमध्ये व्हेरिएबलची अदलाबदल केली, चाललं, पण तिसरी कमांड टाकली आणि परत बिघडलं. मधेच कधीतरी मीच पाठवलेला ५ परत येतो. वायरिंग चार वेळा तपासलं.

उत्तर : वायरिंग ठीक आहे तुमचं. उत्तरं उलटी नाहीत, एक घर मागे आहेत.

रहाटगाडगं डोळ्यांसमोर आणा. मास्टरचं ८ बिटचं शिफ्ट रजिस्टर (बिट एकेक करून पुढे सरकवणारी जागा) आणि स्लेव्हचं ८ बिटचं मिळून १६ गाडग्यांची एकच माळ, मास्टरच्या क्लॉकच्या दर ठोक्याला एक बिट इकडून तिकडे आणि एक तिकडून इकडे. म्हणजे तुमचा ५ पोचतो त्याच ८ ठोक्यांत स्लेव्हकडे आधीचं जे पडलं होतं ते तुमच्या हातात येतं. ५ पूर्ण पोचला की मग स्लेव्हचा इंटरप्ट (हातातलं काम थांबवून लगेच चालणारा कोड) लागतो, तो एसपीडीआरमध्ये (एसपीआयच्या डेटा रजिस्टरमध्ये) २७ ठेवतो, आणि तो बाहेर काढायला अजून ८ ठोके लागतात जे फक्त मास्टरच देऊ शकतो. तुम्ही ते ६ पाठवताना दिलेत, म्हणून ६ ला २७.

तेव्हा कमांडनंतर एक डमी बाइट (नुसते ठोके देण्यापुरता) पाठवा, ० चालेल, आणि त्या वेळी येईल तेच उत्तर धरा.

आता तो परत येणारा ५. ही फार कामाची खूण आहे, स्लेव्हला उशीर झाला की असंच होतं. ४ मेगाहर्ट्झला एक बाइट २ मायक्रोसेकंदात जातो, तेवढ्यात १६ मेगाहर्ट्झच्या उनोला स्वतःच्या प्रोसेसरचे जेमतेम ३२ ठोके मिळतात आणि त्यातले बरेचसे इंटरप्टमध्ये शिरण्यातच जातात, मग पुढचा बाइट सुरू झाल्यावर एसपीडीआरमध्ये लिहिलेलं वाया जातं आणि रजिस्टरमध्ये पडलेला तुमचाच ५ परत फिरतो. आयटूसी (दोन तारांची अशीच दुसरी पद्धत) असतं तर स्लेव्हने क्लॉकची लाइन खाली धरून मास्टरला थांबवलं असतं, एसपीआयमध्ये ती सोयच नाही, मला तरी हीच त्याची मोठी उणीव वाटते. म्हणून स्पीड १ मेगाहर्ट्झवर आणा, कमांड आणि डमीच्या मधे २० मायक्रोसेकंद थांबा, आणि उत्तर आधीच काढून ठेवा, इंटरप्टच्या आत सेन्सर वाचत बसू नका.

स्लेव्हने डमी ० ला कमांड समजू नये हे बघा, आणि ती अदलाबदल काढून टाका, नाहीतर आता खरंच उलटं दिसेल.