खानापूरकडे परड्यात कण्हेर लावावी का? घरात लहान मूल आहे, गोठ्यात म्हैस

मूल रांगतं असेल तर आत्ता नको, तोवर जास्वंद लावा. कण्हेरीचं पान, फूल, खोड, मूळ सगळंच विषारी; हृदयाचे ठोकेच बिघडतात. पिवळी बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, तर अजिबात नको, तिच्या बिया मुलं खेळायला घेतात.

गोठ्याजवळ तर कधीच लावू नका. हिरवं पान कडू, गुरं सहसा तोंड लावत नाहीत. खरी भीती छाटणीनंतरची: वाळकी पानं वैरणीत मिसळली की म्हैस खाते, आणि वाळल्यावरही विष जात नाही. छाटलेल्या फांद्या चुलीत, बंबात घालू नका, धूरही बाधतो. खोल पुरा. छाटताना हातमोजे घाला.

कुणी पान चघळलंच तर घरगुती उपाय करत बसू नका, पानासकट तडक मोठा दवाखाना गाठा.