सॅच्युरेशन उतरतं तेव्हा

चि. डॉक्टर,

काल फोनवर तू म्हणालीस, "सर, ८४ दिसलं आणि हातच चालेनात." छातीच्या शस्त्रक्रियेसाठी एक फुप्फुस मिटवून तू पेशंटचा श्वास दुसऱ्यावरच चालवत होतीस. केस कळली तेव्हा मला नवल वाटलं नाही. उजवी बाजू, गाठ छोटी, बाकीचं फुप्फुस निरोगी. रोगाने आधीच निकामी झालेल्या फुप्फुसाकडे रक्त कमीच जात असतं, ते मिटलं तरी फारसं बिघडत नाही. निरोगी उजव्या फुप्फुसाकडे मात्र निम्म्याहून जास्त रक्त जातं. मिटलेल्या बाजूच्या रक्तवाहिन्या हळूहळू आवळतात आणि रक्त दुसरीकडे वळतं, पण त्याला वेळ लागतो. पहिली २०-३० मिनिटं म्हणूनच जपायची.

ऑक्सिजन १०० टक्के कर आणि सर्जनना लगेच, मोठ्याने सांग. झपाट्याने उतरत असेल किंवा बीपी ढासळत असेल, तर त्यांना थांबवून दोन्ही फुप्फुसं फुगव. यात कसला संकोच? वेळ मिळाला तर सगळ्यात आधी ब्रॉन्कोस्कोप, म्हणजे श्वासनलिकेत बघायची दुर्बीण, घाल. हे मी कळकळीने सांगतो, कारण एकदा मी दहा मिनिटं नुसता पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब, वाढवत बसलो होतो. पेशंटला कुशीवर घेताना मान पुढे झुकली होती, दोन्ही फुप्फुसांना वेगवेगळी हवा देणारी डावी डबल ल्युमेन ट्यूब आत सरकली होती आणि डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागाचं (लोबचं) तोंड बंद झालं होतं. दीड सेंटिमीटर बाहेर ओढली आणि आकडा चढू लागला. त्या दहा मिनिटांची रुखरुख अजून जात नाही.

ट्यूब जागेवर असेल तर सक्शन कर, मग हाताने बॅग दाबून खालचं, म्हणजे श्वास चालू असलेलं, फुप्फुस उघड. त्या क्षणी बीपी पडतो, सॅच्युरेशनही थोडं आणखी उतरू शकतं, घाबरू नकोस. नंतर पीप ५ ते १० सेंटिमीटर (पाण्याचा दाब). एम्फिसीमा (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होण्याचा आजार) असेल तर जपून, हवा आत अडकते. टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासातली हवा, किलोमागे ४ ते ६ मिलीच ठेव. भुलीचा गॅस जास्त असेल तर कमी कर. बीपी आणि हिमोग्लोबिन बघायला विसरू नकोस, हृदयातून रक्तच कमी निघत असेल तर बाकीचे उपाय तोकडे पडतात.

एवढं करूनही भागलं नाही तर वरच्या, मिटलेल्या फुप्फुसाला थोडं फुगवून ५ सेंटिमीटरपर्यंत सीपॅप, म्हणजे सतत हलका दाब, दे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत त्याने सर्जनची जागा अडते, तेव्हा त्यांना आधी विचार. लोबेक्टॉमीत, म्हणजे एक लोब काढताना, फुप्फुसाची धमनी तात्पुरती दाबण्याचा उपाय त्यांच्याच हाती असतो.

पुढच्या केसला पेशंट कुशीवर घेतल्यावर स्कोपमध्ये काय दिसलं, ते संध्याकाळी मला कळव.

तुझा,
सर